लग्नाचा रकाना

शुक्रवारी दुपारी एदिता मोलो भागातल्या माहेरी पोचली तेव्हा तिच्यासाठी खुर्ची मांडून ठेवलेली होती, तीही दिवाणखान्याच्या मधोमध. एकवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. नाताळला आणि पापांच्या पुण्यतिथीला ती यायची, स्वयंपाकघराच्या दाराशी बसायची, ताटं उचलली की निघायची. आज मानाची जागा मिळतेय म्हणजे काहीतरी बिनसलं आहे, हे तिने पर्स खाली ठेवता ठेवताच ओळखलं.

समोर सोफ्यावर थोरला भाऊ पोल्दो आणि त्याची बायको ग्रासिएला. धाकटा वेन्सी खिडकीला टेकून उभा होता, शेवयांच्या कारखान्यातून तसाच आलेला, बाह्यांवर तांदळाचं पीठ. पोल्दो मेच्या निवडणुकीत खासदारकीला उभा होता. इलोइलो शहरातल्या प्रत्येक विजेच्या खांबावर त्याचं हसू लटकत होतं, घरात मात्र ते कुठे दिसत नव्हतं.

"हे ओळखतेस?" त्याने एक झेरॉक्स पुढे सरकवली.

एदिताने ती हातात घेतली. नगरपालिकेच्या जन्म-विवाह नोंदणी कार्यालयात वीस वर्षं काढलेल्या बाईला कागद ओळखायला चष्मा लागत नाही. एकोणीसशे पंच्याहत्तर साल. खाली पापांची सही, त्याखाली पोल्दोची. 'मी फिलिपिन्स प्रजासत्ताकाशी निष्ठेची शपथ घेतो.'

"पापांच्या नागरिकत्वाची शपथ. आणि तुझी."

"कुठे असतो हा कागद?"

"आईच्या खोलीत. पापांच्या कपाटात, वरच्या खणात."

"बघा," ग्रासिएला नवऱ्याकडे वळून म्हणाली, "खणसुद्धा पाठ आहे."

"वहिनी, या घरात मी लहानाची मोठी झालेय. खण पाठ असायला चोरीच करावी लागते असं नाही."

"मग हा कागद माझ्या विरोधकाच्या अर्जाला कसा जोडलेला आहे ते सांग," पोल्दो म्हणाला. "काल निवडणूक आयोगाची नोटीस आली. पोल्दो तिऊ हा जन्मजात नागरिक नाही, त्याची उमेदवारी रद्द करा. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. याची नक्कल कुठल्याच कचेरीत सापडत नाही, अ‍ॅटर्नींनी शोधून बघितलं. म्हणजे घरातून गेला."

"आणि घरातलं म्हणजे मीच."

पोल्दोने घड्याळाकडे पाहिलं. वेन्सीने बाहीवरचं पीठ झटकलं. लहानपणी बशी फुटली की हे दोघे भाऊ असेच गप्प व्हायचे आणि सगळ्यांचे डोळे एदिताकडे वळायचे. बशी बहुतेक वेळा वेन्सीने फोडलेली असायची.

"वेन्सी, तुलाही असंच वाटतं?"

"मला काय वाटायचं, ताई? तू कागदांतली. तुझ्या कचेरीत रोज राजकारणी लोकांची ये-जा. आणि आपल्यावर राग असायला तुला कारण आहे, ते काय कोणाला माहीत नाही?"

कारण होतं, हे खरंच. बावीस वर्षांची असताना एदिताला लग्नाशिवाय दिवस गेले. जहाजावरचा तो माणूस पुढच्या बंदरातून परतला नाही. आईने तिला दार दाखवलं, कारण आई म्हणजे चर्चच्या महिला संघाची अध्यक्ष. लग्न ठरलेल्या जोडप्यांना समोर बसवून विवाहसंस्काराचं पावित्र्य समजावणारी 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, पुरिता. तिच्याच घरात हे प्रकरण. मारिसोल आता वीस वर्षांची होती आणि नर्सिंग शिकत होती, पण या घरात तिला सगळे 'एदिताची मुलगी' म्हणत. नात असं कोणी म्हणालेलं एदिताने ऐकलं नव्हतं.

"मी दिला नाही," ती म्हणाली. स्वतःच्याच कानाला तिचा आवाज अपराध्यासारखा वाटला, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला.

तेवढ्यात फाटक वाजलं. दोन्या पुरिता चर्चमधून क्रूसाच्या वाटेची प्रार्थना आटपून आल्या आणि त्यांच्या मागोमाग छत्री मिटत पोल्दोचा वकील, अ‍ॅटर्नी पाल्मारेस. सदुसष्ट वर्षांच्या पुरिता अजून पाठीचा कणा ताठ ठेवून चालायच्या. त्यांनी एदिताची मधोमध मांडलेली खुर्ची पाहिली आणि आपल्या आरामखुर्चीत बसून हातपंख्याने वारा घेऊ लागल्या.

पाल्मारेस हा जाडजूड, घामाघूम माणूस. वाईट बातमी सांगताना त्याला आधी रुमाल लागायचा. त्याने कपाळ पुसलं.

"साधं आहे. नगरसेवक व्हायला नागरिक असलं की भागतं, म्हणून तुम्ही बारा वर्षं नगरसेवक होतात तरी कोणी विचारलं नाही. खासदारकीला जन्मजात नागरिक लागतो. म्हणजे ज्याला नागरिक होण्यासाठी काहीही करावं लागलं नाही असा. तुम्ही शपथ घेतलीत. म्हणजे काहीतरी केलंत."

"पण माझी आई इथली आहे. मोलोत जन्मली, मोलोतच वाढली."

"आणि वडील चिनी. बावन्न साली जन्मलात तुम्ही. तेव्हाच्या घटनेप्रमाणे आईबापांचं लग्न झालेलं असेल तर मूल बापाच्या देशाचं. एकविसाव्या वर्षी तुम्ही स्वतः जाऊन लिहून द्यायला हवं होतं की मी आईचा देश निवडतो. एक पानाचा कागद. तो दिला असता तर आज कायद्याने तुम्ही जन्मजात ठरला असता. दिलात?"

पोल्दोने नकारार्थी मान हलवली. "पापा म्हणाले थांब. पुढे दोन वर्षांनी सरकारने चिन्यांना सरसकट नागरिकत्व द्यायला काढलं. पापा म्हणाले, सगळे मिळून एकदाच जाऊ."

एदिताला हसू आलं नाही, पण येण्यासारखं होतं. तिऊंच्या घरात सगळं घाऊक. शाळेचे बूट एका दिवशी, देवीच्या लसी एका दिवशी, आणि देशही एका दिवशी. तिला ती सकाळ आठवली. पापांनी सगळ्यांना पांढरे कपडे घालायला लावले, दोन ट्रायसिकली करून कोर्टात नेलं आणि येताना बाचोय, म्हणजे शेवयांचं गरम सूप, खायला घातलं. पोल्दो घरचा सरळ रस्ता सोडून पाहुण्यांच्या दाराने आत शिरला होता, आणि त्या दिवशी ते कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

"मग आता?" ग्रासिएलाने विचारलं.

"अशा खटल्यात एक पळवाट असते," पाल्मारेस ओशाळवाणं हसला, "पण ती या घराला लागू नाही. आईबापांचं लग्नच झालेलं नसेल, तर मूल आईचं. आईचा देश तोच त्याचा, पहिल्या श्वासापासून. काही निवडायला नको, शपथ नको. ती शपथ मग फुकटची ठरते. माफ करा दोन्या पुरिता, कायदा असा वाह्यात आहे."

पोल्दो हसला. ग्रासिएलाने हसत हसत क्रूसाची खूण केली. वेन्सी म्हणाला, "म्हणजे खासदार व्हायला आधी अनौरस व्हावं लागतं? मग आपल्या संसदेचं सगळं कोडंच सुटलं."

पुरिता हसल्या नाहीत. "सूप गरम करते," म्हणून उठल्या आणि आत गेल्या. हातपंखा खुर्चीखाली पडला, तो त्यांनी उचललाही नाही.

एदिता बघत राहिली. तिच्या कचेरीतल्या जन्माच्या अर्जावर एक रकाना असतो: आईबापांच्या लग्नाची तारीख आणि ठिकाण. वीस वर्षं ती त्या रकान्यापाशी माणसं अडखळताना पाहत आली होती. पुरुष अडखळतात ते विसरल्यामुळे. बायकोकडे बघतात, डोकं खाजवतात, बायको दटावून तारीख सांगते. बाई अडखळली की मात्र गोष्ट वेगळी असते. बाई लग्नाची तारीख विसरत नाही.

ती आईच्या मागून स्वयंपाकघरात गेली.

पुरिता पातेल्यात मोलो सूप ढवळत होत्या. शुक्रवार म्हणून आत डुकराच्या मांसाऐवजी कोळंबी. ढवळायची काही गरज नव्हती, गॅस अजून पेटवलाच नव्हता.

"आई, तुझ्या लग्नाची तारीख काय?"

"आता हे काय मध्येच?"

"विचारतेय फक्त."

"एकावन्न साल. मे महिना."

"तारीख?"

पळी थांबली. बाहेर पाल्मारेस खुर्ची सरकवत होता, तो आवाज आत स्पष्ट आला.

"मे महिना म्हटलं ना."

"दर आठवड्याला दहा बायका मला ती तारीख सांगतात, आई. वारासकट सांगतात. त्या दिवशी पाऊस होता का, तेही सांगतात."

पुरितांनी पळी खाली ठेवली.  मग म्हणाल्या, "त्यांची तिकडे चीनमध्ये बायको होती. मी तयार होते. म्हटलं, कोणाला कळतंय एवढ्या लांबचं? पण तुझे पापा म्हणाले, धर्मगुरूपुढे उभा राहून खोटं बोलणार नाही. बाकी सगळं देईन, हे मागू नकोस. मग स्टुडिओत जाऊन फोटो काढला. झगा स्टुडिओचाच होता, पाठीमागून टाचण्या लावलेला."

भिंतीवरच्या त्या फोटोखाली एदिता वाढली होती. त्याच फोटोकडे बोट दाखवून तिला घराबाहेर काढलं होतं.  

"मारिसोल झाली तेव्हा तू मला म्हणालीस, अर्जावर कुठलीही तारीख टाक, कोण बघायला येतंय. मी नाही टाकली. म्हणून दार बंद केलंस तू. दिवस गेले म्हणून नव्हे."

"तू खरं लिहून मोकळी झालीस," पुरिता हळूच म्हणाल्या. "रोज तुझं तोंड बघायचं म्हणजे..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

"आणि तो कागद?"

आईने मान वर केली. एदिताने नुसतं विचारलं होतं, पण त्या नजरेतच उत्तर मिळालं.

"गेल्या महिन्यात विरोधकाची दोन माणसं चर्चच्या कचेरीत येऊन एकावन्नची लग्नांची वही मागत होती," पुरिता म्हणाल्या. "आज ना उद्या ती वही उघडली असती. मला वाटलं, त्यांना पोल्दोविरुद्ध काहीतरी हवंय ना, मग दुसरं काहीतरी देऊ. घेऊन गप्प होतील, चर्चचा नाद सोडतील. बेकरीत बोलावलं आणि दिला. शपथेचा कागद, अभिमानाची गोष्ट, त्याने एवढं काय बिघडणार? मला काय माहीत जन्मजात म्हणजे काय ते."

"आणि बाहेर मला मधोमध बसवून विचारताहेत."

"मला माहीत नव्हतं ते तुझ्यावर घेतील."

"दुसरं कोणावर घेणार होते, आई?"

 पदर म्हणून पुरितांकडे ॲप्रनच होता, त्याला त्यांनी हात पुसले, सरळ केला आणि बाहेर गेल्या. एदिता त्यांच्या मागे दारात उभी राहिली, नेहमीच्या जागी.

"अ‍ॅटर्नी," पुरिता म्हणाल्या, "तुमची ती पळवाट आमच्या घराला लागू आहे."

पाल्मारेसने रुमाल काढला, पण कपाळाला लावायला तो विसरला. पुरितांनी उभ्याउभ्याच चार वाक्यांत सांगितलं. चीनमधली बायको, न झालेलं लग्न, स्टुडिओ, आणि चर्चच्या वहीत काही सापडणार नाही हेही. बेकरीचं मात्र त्या बोलल्या नाहीत; आपल्या आरामखुर्चीत जाऊन बसल्या.

सगळ्यात आधी पोल्दो उठला. "म्हणजे मी पहिल्यापासूनच... अ‍ॅटर्नी, म्हणजे सुटलो मी!" त्याने पाल्मारेसचा हात धरून हलवला. त्याच्या चेहऱ्यावर खांबावरचं हसू परत आलं होतं. आईकडे त्याने अजून पाहिलंही नव्हतं.

"सुटलास?" वेन्सी खिडकीपासून पुढे आला. "आणि मी? माझ्या मुलांना मी काय सांगू? आजोबा-आजी तसेच राहत होते? व्यापारी मंडळाच्या जेवणात लोक माझ्या पाठीमागे काय बोलतील? तुझ्या एका खुर्चीसाठी आम्ही सगळ्यांनी अनौरस व्हायचं? मी विरोध करणार. मी कोर्टात जाऊन सांगेन लग्न झालं होतं म्हणून."

"तू होतास का लग्नाला?" पोल्दो फिस्कारला.

"तू तरी होतास का?"

ग्रासिएलाने आधी डोळे मिटून तीनदा क्रूसाची खूण केली होती. आता ती डोळे उघडून हिशोबाला लागलेली दिसली. "वेन्सी, जरा ऐक. लोकांना अशा गोष्टींनी रडू येतं. आई मुलासाठी स्वतःची अब्रू... बायका मतं देतील." ती उठून सासूच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. घटकेपूर्वी ती वेन्सीच्या बाजूने एदितावर डोळे वटारत होती, आता वेन्सी एकटा पडला होता. या घरात बाजू बदलायला कोणाला फार वेळ लागत नसे.

"नुसतं म्हणून चालायचं नाही," पाल्मारेस घसा खाकरून म्हणाला. "चर्चचा आणि नोंदणी कचेरीचा दाखला मिळवू, नोंद नाही असा. पण दोन्या पुरितांनी शपथेवर लिहून द्यायला हवं. आयोग ते उघड वाचणार. पेपरात येणार. आणि उलटतपासणी झाली तर प्रश्न सभ्य नसतील. त्यांनी नाही म्हटलं तर केस संपली, उमेदवारी गेली. मी कोणाला आग्रह करणार नाही."

"आई करेल," पोल्दो म्हणाला.

"तिला विचारलंस का, दादा?" दारातून एदिता म्हणाली.

पोल्दो तिच्याकडे वळला. त्याचा मूड इतका सुधारला होता की त्याला औदार्य सुचलं. "एदिता, तू कागद दिलास ते झालं. उलट बरंच झालं म्हणायचं, नाहीतर हे कधी बाहेर आलं असतं? मी मनात ठेवणार नाही. घरचंच माणूस आहेस शेवटी."

एदिताने आईकडे बघितलं. पुरिता जमिनीवरचा हातपंखा उचलण्यात गुंतल्या होत्या. बोलावं, असं एदिताच्या ओठांवर आलं होतं. एक वाक्य, आणि ती मोकळी झाली असती. पण आता आईकडून काय काय काढून घेतलं जाणार आहे ते तिला दिसत होतं. उद्या चर्चमध्ये लोक कुजबुजतील, महिला संघ जाईल, आणि तिने पावित्र्य शिकवलेली ती जोडपी आठवून आठवून हसतील. त्यावर आणखी मुलाचा विश्वास कशाला घ्यायचा? एकवीस वर्षं तिने एक आरोप सांभाळला होता. दुसरा त्याच्या शेजारी मावला असता. ती गप्प बसली, आणि गप्प बसल्याबद्दल तिला स्वतःची चीड आली.

"लिहा," पुरिता म्हणाल्या.

वेन्सी काही बोलणार होता, पण आईचा आवाज ऐकून खिडकीकडे परत गेला.

पाल्मारेसने आरामखुर्चीपुढच्या टेबलावर कागद पसरला. "पूर्ण नाव? लग्नाआधीचं... म्हणजे, तुमचं नाव."

"पुरिफिकासियोन सोलिनाप." सत्तेचाळीस वर्षांत ते नाव या घरात कोणी उच्चारलेलं नव्हतं. वेन्सीने वळून पाहिलं, जणू कोणी परकी बाई आत आली होती.

"वय?"

"सदुसष्ट."

"वैवाहिक स्थिती?" पाल्मारेसने विचारलं आणि पेनाच्या टोकाकडे बघत बसला.

आतापर्यंत प्रत्येक अर्जावर पुरितांनी तिथे 'विधवा' लिहिलं होतं. पापा गेले तेव्हा वर्षभर काळे कपडे घातले होते.

"अहो, लिहा ना, अविवाहित," पोल्दो घाईने म्हणाला.

"त्यांनी मला विचारलंय," पुरिता म्हणाल्या. पोल्दोने हात मागे घेतला. त्यांनी दम घेतला, हातपंखा मांडीवर आडवा ठेवला आणि कचेरीतल्या बाईला सांगावं तसं स्पष्ट सांगितलं, "अविवाहित. मुलं तीन."

पुढची दहा मिनिटं पाल्मारेस लिहीत होता आणि मधूनमधून वाचून दाखवत होता. वाचताना तो प्रत्येक वाक्य मऊ करायला बघायचा आणि पुरिता ते परत सरळ करून घ्यायच्या. "'काही अडचणींमुळे' नको. 'त्यांची बायको हयात होती म्हणून' लिहा." सूप कोणी गरम केलं नाही, कोणी मागितलंही नाही.

"झालं," शेवटी तो म्हणाला. "सही इथे. आणखी काही सांगायचं नसेल तर."

"आहे."

पाल्मारेसने टोपण लावलेलं पेन परत उघडलं.

"त्या शपथेचा कागद विरोधकांच्या माणसांना मी दिला. माझ्या हाताने. फेब्रुवारीत, बेकरीत. माझ्या मुलीने दिला नाही."

ग्रासिएलाचा हात खुर्चीच्या पाठीवरून खाली आला. पोल्दोचं तोंड उघडलं ते मिटेना. "आई? तू? अगं, कशासाठी?"

"चर्चची वही झाकायला. लिहा, अ‍ॅटर्नी."

"दोन्या पुरिता," पाल्मारेस कळवळून म्हणाला, "या वाक्याची केसला काहीच गरज नाही. आयोगाने विचारलेलं नाही. उलट ते लोक यावरून शंभर प्रश्न काढतील. कायद्याच्या दृष्टीने—"

"कायद्याला नसेल गरज. मला आहे. हे वाक्य नसेल तर माझी सही नाही."

पाल्मारेसने पोल्दोकडे पाहिलं. पोल्दोने बहिणीकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि कशीबशी मान हलवली. पेन कागदावर सरकायला लागलं.

लिहून झाल्यावर पुरितांनी कागद सही न करताच उचलला आणि दाराच्या दिशेने धरला. "एदिता, इकडे ये. वाच बरं. बरोबर लिहिलंय का बघ, ते तुझं काम आहे."

एदिता दारातून पुढे आली, मधल्या खुर्चीत बसली आणि वाचायला लागली. नाव, वय, स्थिती, मुलं. रोज शेकडो कागद ती असेच बोट फिरवत वाचायची आणि चूक दिसली की खूण करायची. शेवटच्या वाक्यापाशी तिचं बोट थांबलं. 'माझ्या मुलीने दिला नाही.' ते तिने दोनदा वाचलं, मग तिसऱ्यांदा. चूक काही नव्हती.  तिने कागद आईपुढे सरकवला आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं.